औषध निघालें; रोग्यास मिळालें काय?

सकाळची वेळ आहे. घरांतील बाई उठते, दुधाचें पातेलें उचलावयास जाते, आणि पातेलें हातांतून निसटतें. बोटें लाकडासारखीं ताठ झालेलीं. कणीक मळवत नाहीं, नळाची तोटी पिळवत नाहीं, केसांची वेणी घालवत नाहीं. तास दीड तास ऊन पाण्यांत हात धरून बसावें, तेव्हां कोठें बोटें थोडीं मोकळीं होतात. घरचीं माणसें म्हणतात, "वात आहे, थंडी सरली कीं जाईल." थंडी सरते, परंतु वात जात नाहीं. श्रोतेहो, आज मला ज्या रोगाविषयीं बोलावयाचें आहे, त्याची पहिली खूण बहुधा अशी असते.

मी वैद्य नव्हे. सारा जन्म शाळामास्तरकींत गेला. परंतु हा रोग माझ्या घरांत दोन पिढ्या राहिला आहे, आणि त्यापायीं जें वाचलें, डॉक्टरांना विचारलें व डोळ्यांनीं पाहिलें, तेवढें मी आपणांपुढें ठेवणार आहें.

इंग्रजी वैद्यकांत या रोगास ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असें नांव आहे. आपण 'संधिवात' हा शब्द दुखणाऱ्या कोणत्याहि सांध्यास लावतों, त्यामुळें घोटाळा होतो. उतारवयांत गुडघे झिजून दुखतात, तो रोग निराळा. माधवनिदानांत 'आमवात' या नांवानें ज्या दुखण्याचें वर्णन आहे, त्याच्याशीं या रोगाचें साम्य दाखविण्यांत येतें. म्हणून मीहि येथें आमवात हाच शब्द वापरतों. हा रोग म्हातारपणाची वाट पाहत नाहीं. तिशीपासून पन्नाशीपर्यंत, म्हणजे ऐन संसाराच्या काळांत, तो पुष्कळदां येतो. आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांस तो दुपटीतिपटीनें अधिक होतो.

त्याचें मूळ सांध्यांत नसून शरीराच्या राखणदारींत आहे. बाहेरून आलेल्या जंतूंना हांकून लावण्यासाठीं निसर्गानें आपल्या रक्तांत एक फौज ठेविली आहे. गांवच्या राखणीस ठेविलेल्या जागल्यानें चोर सोडून घरधन्यावरच काठी उगारावी, तसा प्रकार या रोगांत होतो. ती फौज सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. अस्तर सुजतें, कूर्चा व हाड कुरतडलें जातें, आणि एकदां वांकडें झालेलें बोट कोणत्याहि औषधानें पुन्हां सरळ होत नाहीं. शेवटलें वाक्य ध्यानांत ठेवावें. कारण पुढील सर्व विवेचन त्यावरच उभें आहे.

हा रोग क्वचित् आढळणारा आहे असेंहि नाहीं. १९९६ सालीं पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनीं पुणें जिल्ह्यांतील भिगवण या गांवीं घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारें चार हजार प्रौढ स्त्रीपुरुषांपैकीं शंभरांत अठरा जणांना सांध्यांचें वा स्नायूंचें कांहींना कांहीं दुखणें होतें, आणि साधारण दोनशेंत एकास खरा आमवात होता. दोनशेंत एक हें प्रमाण ऐकावयास लहान वाटतें. परंतु दोन हजार प्रौढांच्या गांवांत दहा माणसें, आणि तीं बहुतेक चुलीपाशीं नाहींतर शेतांत राबणारीं, असा हिशेब मांडला म्हणजे त्याचा खरा अर्थ कळतो.

आतां औषधांचा इतिहास थोडक्यांत पाहूं. १९४८ सालीं अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्यें डॉ. फिलिप हेंच यांनीं अंथरुणास खिळलेल्या एका आमवाती स्त्रीस कॉर्टिझोन दिलें, आणि ती थोड्याच दिवसांत चालूं लागली. जगानें तो चमत्कार मानला. १९५० सालीं हेंच यांस नोबेल पारितोषिकांत वांटा मिळाला. परंतु कांहीं काळांतच उमगलें कीं, हें औषध मोठ्या मात्रेनें दीर्घकाळ घेतल्यास हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते, चेहरा सुजतो. आज डॉक्टर त्याच्या वर्गांतील औषध अल्प मात्रेनें व थोडा काळ देतात. मात्र जत्रेंत व बाजारांत 'जडीबुटी' म्हणून विकल्या जाणाऱ्या कांहीं पुड्यांत हेंच स्टेरॉइड चोरून मिसळलेलें आढळतें. पुडी घेतांच दोन दिवसांत दुखणें पळालें, तर आनंदूं नये, शंका घ्यावी.

दुसरें औषध मेथोट्रेक्सेट. त्याच्या जन्माशीं एका भारतीयाचें नांव जोडलेलें आहे. आंध्रांतील भीमावरम येथें १८९५ सालीं जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेंत संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्या देखरेखीखालीं या जातीचीं औषधें तयार झालीं. तीं प्रथम रक्ताच्या कर्करोगासाठीं वापरण्यांत आलीं. पुढें अल्प मात्रेनें, आठवड्यांतून एकदांच घेतल्यास तें आमवातास आवरतें असें दिसून आलें, आणि १९८८ सालीं अमेरिकेच्या औषध खात्यानें त्या उपयोगास मान्यता दिली. आजहि आमवाताच्या चिकित्सेचा पाया हेंच औषध आहे, आणि तें स्वस्त आहे.

तिसरा टप्पा जैविक औषधांचा. डॉक्टर त्यांस बायॉलॉजिक म्हणतात. रक्तांतील फौजेस चिथावणारे कांहीं निरोपे असतात. त्यांतील एकाचें नांव ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. तो गांवांत दवंडी पिटतो, आणि ती ऐकून सारी फौज सांध्यांवर धांवते. लंडनच्या केनेडी संस्थेंतील मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनीं असा तर्क केला कीं, सगळ्या फौजेस न मारतां या एका दवंडीवाल्याचें तोंड बंद केलें तर काय होईल? १९९२ सालीं चेरिंग क्रॉस रुग्णालयांत त्यांनीं तसा प्रयोग केला, आणि ज्यांस इतर औषधें लागू पडलीं नव्हतीं अशा रोग्यांची सूज उतरली. पुढें अमेरिकेत १९९८ सालीं एटानर्सेप्ट, १९९९ सालीं इन्फ्लिक्सिमॅब व २००२ च्या अखेरीस अडॅलिम्युमॅब या औषधांस आमवातासाठीं मान्यता मिळाली. निराळ्या मार्गानें काम करणारीं रिटुक्सिमॅब, टोसिलिझुमॅब इत्यादि औषधें त्यानंतर आलीं. यांपैकीं एकहि औषध रोग मुळांतून काढीत नाहीं, आणि प्रत्येकास लागू पडतेंच असेंहि नाहीं; परंतु ज्यास लागू पडतें त्याचे हात वांचतात.

असो. औषध निघालें, ही गोष्ट येथें संपली. तें रोग्यास मिळालें काय, ही दुसरी गोष्ट आहे, आणि आजच्या भाषणाचा खरा विषय तीच होय. औषधाच्या शोधापासून रोग्याच्या हातापर्यंत चार दारें लागतात. आपण समजतों कीं अडवणूक फक्त शेवटच्या, म्हणजे पैशाच्या, दारापाशीं आहे. वस्तुतः पुष्कळ रोगी पहिल्याच दारापाशीं वर्षानुवर्षें बसून राहतात.

तें पहिलें दार म्हणजे रोग वेळीं ओळखणें. माझ्या थोरल्या बहिणीस, आक्कास, १९८८ च्या सुमारास हा रोग लागला. आम्हीं तिला तेल चोळलें, काढे दिले, देवाचा अंगारा लावला, दुखणें थांबविणाऱ्या गोळ्या दिल्या. सांध्यांच्या डॉक्टरांकडे नेलें तें आठव्या वर्षीं. तोंपर्यंत तिचीं बोटें करंगळीच्या बाजूस वळलीं होतीं, आणि मनगट वांकेनासें झालें होतें. त्या आठ वर्षांत तिला कोणीं औषध नाकारलें नव्हतें. आम्हींच तें मागितलें नव्हतें. म्हणून सांगतों: दोन्ही हातांचे लहान सांधे सहा आठवडे सुजलेले राहिले, सकाळचा ताठरपणा अर्धा तास होऊन गेला तरी ओसरत नसला, तर शेजाऱ्यापाजाऱ्यांचा सल्ला बंद करावा आणि सांध्यांच्या तज्ज्ञाकडे जावें. रक्ताच्या तपासण्या आहेत. परंतु त्यांतील एखादी निर्दोष आली म्हणून रोग नाहींच असें ठरत नाहीं. लक्षणें दिसूं लागल्यापासून तीन महिन्यांच्या आंत उपचार सुरू व्हावा, असा युरोपांतील तज्ज्ञांचा निर्वाळा आहे. हाडांची कुरतड पुष्कळांच्या बाबतींत पहिल्या दोन वर्षांतच सुरू होते.

दुसरें दार म्हणजे जुनें, स्वस्त औषध नीट घेणें. जैविक औषधाचें नांव ऐकून पुष्कळांस वाटतें कीं, महाग तेंच उत्तम, आणि तें न मिळाल्यास आपण बुडालों. तसें नाहीं. मेथोट्रेक्सेटला सल्फासलाझिन व हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या दोन साध्या गोळ्यांची जोड दिली तर काय होतें, याचा एक मोठा तुलनात्मक प्रयोग २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मेथोट्रेक्सेट पुरेसें न पडलेल्या रोग्यांस या तिहेरी उपचारानें आलेला गुण, जैविक औषधाच्या गुणापेक्षां कमी ठरला नाहीं. अर्थात् हा निर्णय डॉक्टरानें करावयाचा. परंतु स्वस्त मार्ग म्हणजे हलका मार्ग नव्हे, हें आपण जाणावें.

मेथोट्रेक्सेटसंबंधीं एक इशारा मात्र कडक शब्दांत देतों. ही गोळी आठवड्यांतून एकदांच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली गेल्यास ती प्राणावर बेतते. वार ठरवावा, तो चिठ्ठीवर अक्षरीं लिहून घ्यावा, आणि घरांतील दुसऱ्या एका माणसासहि सांगून ठेवावा. बरोबर फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर देतात, ती चुकवूं नये. यकृताच्या व रक्ताच्या तपासण्या वेळच्या वेळीं कराव्या, मद्य वर्ज्य करावें, आणि ज्या स्त्रीस मूल हवें आहे तिनें तें आधींच डॉक्टरांस सांगावें. कारण गर्भावस्थेंत हें औषध चालत नाहीं.

तिसरें दार क्षयाचें आहे, आणि आपल्या देशांत तें विशेष महत्त्वाचें. क्षयाचे जंतू पुष्कळांच्या शरीरांत निद्रिस्त असतात. तीच राखणदार फौज त्यांस कोंडून ठेवते. दवंडीवाल्याचें तोंड बंद केलें कीं हा पहारा ढिला पडतो, आणि झोंपलेला क्षय उठूं शकतो. २००१ सालींच इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या रोग्यांत असे क्षयाचे अनेक दाखले नमूद झाले. म्हणून सुई टोचण्यापूर्वीं छातीचें क्ष-किरण चित्र, मांटू किंवा रक्ताची विशिष्ट चाचणी, तसेंच कावीळ ब व क यांच्या तपासण्या करतात. निद्रिस्त क्षय आढळल्यास आधीं त्यावर औषध सुरू करून मग जैविक औषध देतां येतें. हा विलंब नव्हे, हा बंदोबस्त आहे. तो टाळून कोणी लगेच सुई देऊं म्हणाल्यास दुसरा डॉक्टर पाहावा.

चौथें दार किंमतीचें. हीं औषधें महाग कां, हें समजून घेण्यासारखें आहे. मेथोट्रेक्सेटचा रेणू लहान. तो रसायनशाळेंत पदार्थ मिसळून तयार होतो. अडॅलिम्युमॅबचा रेणू त्याच्या तीनशेंपटींहून अधिक वजनाचा. तो माणसाला जुळवून दाखवितां येत नाहीं, तर मोठ्या पोलादी पिंपांतून वाढविलेल्या जिवंत पेशींकडून करवून घ्यावा लागतो. तो गोळी म्हणून गिळला तर जठरांत पचून जाईल, म्हणून सुईनेंच द्यावयाचा. आणि कारखान्यापासून रोग्यापर्यंत २ ते ८ अंश उष्णतामानांत ठेवावयाचा. इतका खर्च तर खराच. परंतु किंमतीचा मोठा भाग एकाधिकाराचा असतो. मूळ कंपनीचें पेटंट चालू असेतों दुसऱ्यास तें औषध विकतां येत नाहीं. अडॅलिम्युमॅबला युरोपांत २०१८ सालीं आणि अमेरिकेत तर २०२३ सालीं स्पर्धक आले. म्हणजे मान्यता मिळाल्यापासून वीस वर्षें तेथें तें एकाच कंपनीच्या हातीं राहिलें.

या बाबतींत आपल्या देशानें केलेलें काम अभिमानास्पद आहे. एकाधिकाराबाहेर दुसऱ्या कारखान्यानें तयार केलेल्या व मूळ औषधाशीं गुणानें जुळणाऱ्या औषधास बायोसिमिलर म्हणतात; आपण त्यास समधर्मी औषध म्हणूं. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीनें २००७ सालीं रिटुक्सिमॅबचें समधर्मी औषध बाजारांत आणलें. २०१४ च्या डिसेंबरांत अहमदाबादच्या झायडस कॅडिलानें अडॅलिम्युमॅबचें समधर्मी औषध जगांत प्रथम विक्रीस काढलें. त्याच्या एका कुपीची किंमत सुमारें २०० डॉलर, आणि अमेरिकेत मूळ औषधास त्या वेळीं सुमारें १००० डॉलर पडत. या औषधांची परीक्षा कशी व्हावी याचे नियम भारत सरकारनें २०१२ सालीं केले व २०१६ सालीं सुधारले. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें दवंडीवाल्यास थांबविणाऱ्या या औषधांस अत्यावश्यक औषधांच्या यादींत जागा दिली.

किंमत उतरली म्हणजे दार किती रुंद होतें, याचें उदाहरण इंग्लंडांत सांपडतें. तेथें सरकारी खर्चानें औषध द्यावयाचें कीं नाहीं हें नाइस नांवाची संस्था ठरविते. रोगाची तीव्रता मोजण्याचें एक गुणपत्रक आहे. त्यांत ५·१ हून अधिक गुण पडले, म्हणजे रोग अत्यंत तीव्र असला, तरच पूर्वीं जैविक औषध मिळे. चार गुण पडलेला रोगी, बोटें वांकडीं होत असतांहि, दाराबाहेर उभा राही. समधर्मी औषधांनीं किंमती खालीं आणल्यावर २०२१ सालीं त्याच संस्थेनें मध्यम तीव्रतेच्या रोग्यांसहि कांहीं औषधें खुलीं केलीं. रोग तोच, औषध तेंच. बदलली ती किंमत. यावरून पूर्वींचा नकार वैद्यकाचा होता कीं हिशेबाचा, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

आपल्याकडे मात्र किंमत उतरूनहि ती मध्यम स्थितींतल्या कुटुंबास दरमहा जड जाते. आणि औषध महिने दोन महिने नव्हे, तर वर्षानुवर्षें घ्यावयाचें असतें. आक्काच्या मुलीस, माझ्या भाचीस, २०१७ सालीं चौतिसाव्या वर्षीं हाच रोग लागला. पहिल्याच महिन्यांत ती माझ्याकडे आली आणि हात पुढें करून म्हणाली, "मामा, माझीं बोटें आईसारखीं होतील काय?" या खेपेस आम्हीं वेळ दवडला नाहीं. दोन वर्षें साध्या औषधांचे सर्व उपाय झाले. ते पुरे पडेनात. निद्रिस्त क्षय निघाला, त्याचें औषध झालें, आणि मग सुई सुरू झाली. तिचा आरोग्यविमा होता. परंतु सुई घरीं टोचून घेतली, रुग्णालयांत चोवीस तास राहिली नाहीं, या कारणास्तव विमा कंपनीनें खर्च नाकारला. रोगी धडपणें घरीं राहून कामावर जातो म्हणून त्यास मदत नाहीं. तो खाटेवर पडला असता तर मिळाली असती, असा तो न्याय!

पुढें चौकशी करतां कळलें कीं, २०१९ सालीं विमा नियामक प्राधिकरणानें कांहीं आधुनिक उपचारांची यादी केली असून ते विम्यांतून वगळतां येत नाहींत; त्यांत मोनोक्लोनल अँटिबॉडीची सुई हा प्रकार आहे. मात्र कंपनीस रकमेची मर्यादा घालण्याची मुभा ठेविलेली आहे, आणि उपचार रुग्णालयांत, निदान दिवसापुरता दाखल होऊन, घ्यावा लागतो. डॉक्टरांच्या संमतीनें भाचीचें औषध बदलून शिरेंतून द्यावयाचें सुरू झालें. तें दर आठ आठवड्यांनीं रुग्णालयांत घ्यावयाचें असतें. तेव्हां विम्यानें खर्चाचा कांहीं भाग उचलला. सर्व नव्हे, परंतु उपचार चालू राहिला.

म्हणून ज्यांस हें औषध सांगितलें गेलें आहे त्यांनीं काय करावें, तें थोडक्यांत सांगतों. पहिलें, डॉक्टरांस स्पष्ट विचारावें कीं, साध्या औषधांचे सर्व उपाय पुरेशा मात्रेनें झाले काय. तीन महिन्यांत फरक आणि सहा महिन्यांत रोगाचा आटोका, ही साधारण कसोटी असते. दुसरें, खर्चाची लाज धरूं नये. मला दरमहा इतकेंच झेपेल, असें आरंभींच सांगावें. समधर्मी औषध, वर्षांतून एकदोनदां द्यावयाचें रिटुक्सिमॅब, असे पर्याय डॉक्टर सुचवूं शकतात. टोफासिटिनिब या गोळीचींहि स्वस्त रूपें आतां मिळतात. परंतु पन्नाशीपुढील हृदयविकारी वा धूम्रपान करणाऱ्या माणसांस तिचा धोका अधिक, हें २०२१ पासून स्पष्ट झालेलें आहे, म्हणून ती आपल्या मनानें घेऊं नये. तिसरें, विम्याचा करार वाचावा, नकार आल्यास तो लेखी मागावा, आणि तक्रारीचा अर्ज करावा. सरकारी योजनेंतील रुग्णालय असेल तर तेथील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. चौथें, बरें वाटूं लागलें म्हणून सुया परस्पर बंद करूं नयेत. रोग दीर्घकाळ शांत राहिल्यास डॉक्टरच दोन सुयांतील अंतर वाढवितात, आणि खर्चहि त्याबरोबर उतरतो.

श्रोतेहो, मी शाळेंत असतांना फळ्यावर अक्षर सुवाच्य काढलें कीं माझें काम झालें, असें आरंभीं मला वाटे. पुढें समजलें कीं, मागच्या बाकावरच्या मुलास तें दिसलें काय, हें जाऊन पाहीपर्यंत काम अर्धेंच असतें. औषधांचेंहि तसेंच आहे. शास्त्रज्ञांनीं अक्षर उत्तम काढलें आहे. तें भिगवणच्या शेतमजूर बाईपर्यंत पोंचलें काय, हें पाहणें सरकारचें, विमा कंपन्यांचें, डॉक्टरांचें, आणि घरांत 'वात आहे, जाईल' म्हणणाऱ्या आपणां सर्वांचें काम आहे.

आक्का आतां सत्तरीच्या पुढें आहे. तिला पोळी लाटतां येत नाहीं. ती पाटाजवळ बसून सांगते आणि भाची लाटते. भाचीचीं बोटें आजमितीस सरळ आहेत. दोघींच्या हातांत जें अंतर आहे, तें नशिबाचें नव्हे. तें वेळीं उघडलेल्या दारांचें आहे. इतकें सांगून मी आपली रजा घेतों.